रणगाडे आणि गाभण शेळ्या : चुशुल, हिवाळा २०२०-२१

हे प्रकरण एका लष्करी हालचालीचे आणि तिच्या वाटेत आलेल्या कळपांचे आहे. पशुपालकांची आणि स्थानिकांची नावे येथे दिलेली नाहीत. डावपेचांची चर्चा त्या हिवाळ्यानंतर पुष्कळ झाली. या लेखाचा रोख जमिनीवर आहे, म्हणजे त्याच काही चौरस किलोमीटरवर सैन्याने आणि शेळ्यांनी एकाच ऋतूत हक्क सांगितल्यावर काय घडले, यावर.

पार्श्वभूमी

पूर्व लडाखमध्ये, पांगोंग सरोवराच्या दक्षिणेला चुशुलचे खोरे आहे. उंची सुमारे ४,३०० मीटर. खोऱ्याचा तळ रुंद, वाळू-खडीचा आणि बऱ्यापैकी सपाट असून मधल्या ओलसर पट्ट्यात काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात. पूर्वेकडे कैलास रांग उभी आहे आणि तिच्यात स्पांगुरची खिंड आहे. खिंडीच्या उत्तरेस गुरुंग हिल, दक्षिणेस मगर हिल, आणि त्याच रांगेत आणखी दक्षिणेकडे मुखपरी, रेझांग ला व रेचिन ला ही ठिकाणे येतात. रेझांग ला हे नाव महाराष्ट्रातही परिचित आहे, कारण १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊँ या पायदळ बटालियनच्या चार्ली कंपनीने मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखाली तेथे जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढा दिला.

या खोऱ्यात रणगाडे येण्याची ती पहिली वेळ नव्हती. ऑक्टोबर १९६२ मध्ये २० लान्सर्स या रणगाडा रेजिमेंटचे एएमएक्स-१३ जातीचे हलके रणगाडे एएन-१२ विमानांतून चुशुलच्या धावपट्टीवर उतरवले गेले होते. त्यांचे वजन पंधरा टनांच्या आत होते. २०२० मध्ये हाताशी असलेल्या टी-७२ चे वजन एकेचाळीस टनांहून अधिक आणि टी-९० चे सुमारे साडेसेहेचाळीस टन. या फरकाचा पुढे अनेकदा संबंध येईल.

आता दुसरी बाजू. चांगथांगच्या या पठारावर चांगपा पशुपालक याक, मेंढ्या आणि पश्मिना देणाऱ्या शेळ्या राखतात. एका शेळीपासून वर्षाला पाव किलोच्या आसपास लव मिळते आणि ती उन्हाळ्याच्या तोंडाशी विंचरून काढतात. आपल्याकडचा धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरतो, कोकणात ऊब आणि चारा शोधतो. चांगपांना उतरायला कोकण नाही. त्यांचे स्थलांतर थंडीकडून उबेकडे होत नाही. जिथे बर्फ टिकत नाही त्या उतारांकडे ते जातात. वाऱ्याने झाडलेले, उन्हाच्या दिशेचे, फार चढ नसलेले उतार ही त्यांची हिवाळी कुरणे. वाळलेले गवत, बुर्त्से नावाचे खुरटे झुडूप आणि गोठलेल्या झऱ्याकाठचा थोडा पाला, एवढ्यावर कळप फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरतो. स्थानिक लोकप्रतिनिधींनी वेळोवेळी सांगितलेल्या हिवाळी कुरणांच्या यादीत रेझांग ला, रेचिन ला आणि गुरुंग हिल ही नावे आहेत. वर्तमानपत्रांत ही शिखरे म्हणून छापली गेली, पशुपालकांच्या बोलण्यात ती चराईची नावे आहेत.

मे २०२० मध्ये पांगोंगच्या उत्तर काठावर भारत आणि चीन यांच्या सैन्यांत संघर्ष सुरू झाला आणि १५ जूनला गलवानमध्ये २० भारतीय सैनिक मारले गेले. २९ ते ३० ऑगस्टच्या रात्री भारतीय तुकड्यांनी कैलास रांगेवरील माथे ताब्यात घेतले आणि पुढच्या काही दिवसांत रणगाडे वर चढवले. रेझांग ला, रेचिन ला या भागात सुमारे १६ हजार फुटांवर रणगाडे समोरासमोर उभे राहिले. जगात इतक्या उंचीवर चिलखती वाहने अशी क्वचितच तैनात झाली असतील. सैन्यप्रमुख त्या वेळी जनरल मनोज नरवणे होते, पुण्याचे.

प्रश्न

प्रश्न असा की रणगाड्याला आणि गाभण शेळीला एकच जमीन लागते.

हे पटायला रणगाड्याच्या मर्यादा जवळून पाहाव्या लागतात. कागदावर टी-७२ तीस अंशांपर्यंतचा सरळ चढ चढतो, पण आडव्या उतारावर त्याची क्षमता त्याहून बरीच कमी असते. १६ हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते, त्यामुळे इंजिन धापा टाकते आणि कागदावरचा चढ प्रत्यक्षात मिळत नाही. या जातीच्या रणगाड्यांना मागे जाण्याचा एकच गिअर असतो आणि त्या गिअरमध्ये वेग माणसाच्या चालण्याइतका, ताशी चार-पाच किलोमीटर असतो. म्हणून वर चढलेल्या चालकाला परतायचे तर तोंड फिरवायला जागा हवी. तोफेची नळी आडव्या रेषेच्या खाली जेमतेम सहा अंश झुकते, त्यामुळे माथ्यावरून खालच्या लक्ष्यावर मारा करायचा असेल तर रणगाडा कुठेही उभा करून भागत नाही. त्याला नेमका मंद कललेला पुढचा उतार लागतो. हे सगळे एकत्र केले की उरतात त्या रुंद खिंडी, मंद उताराच्या सोंडा, बर्फ साचत नाही अशा वाऱ्याच्या जागा आणि पाण्याजवळचे सपाट तळ. चांगपा कळप डिसेंबरात नेमका तिथेच सापडतो.

दुसरी गोष्ट रणगाड्याच्या वळण्याची. रणगाडा जमिनीवर फार दाब देत नाही. चाकांभोवतीच्या रुंद पोलादी पट्ट्यांमुळे त्याचा सरासरी भार दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्याही आत राहतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. सरळ गेलेला रणगाडा कोरड्या खडीवर दोन समांतर ओळी ठेवतो आणि बाकी जमीन तशीच राहते. नुकसान वळताना होते. एका बाजूचा पट्टा रोखला जातो, दुसरा ढकलत राहतो, आणि चाळीस टनांचे धूड आपल्या रोखलेल्या बाजूवर घासत फिरते. त्या घासण्याने बुर्त्सेचे झुडूप मुळासकट उपटले जाते आणि वरची बोटभर माती खडीखाली पुरली जाते. जिथे वर्षात जेमतेम तीन महिने काही उगवते, तिथे अशा एका वळणाची जागा भरून यायला किती उन्हाळे लागतील, याचा विचार करावा.

तिसरी गोष्ट कळपाची. टी-७२ चा चालक पुढच्या भागात खाली, जवळजवळ पडलेल्या अवस्थेत बसतो. झाकण लावले की त्याची दृष्टी एका अरुंद पेरिस्कोपपुरती उरते आणि पुढ्यातली काही मीटरची जागा त्याला दिसतच नाही. शेळीची उंची माणसाच्या मांडीइतकी. ती त्या जागेत शिरली की चालकाच्या लेखी ती नाहीच. मेंढपाळाची शीळ इंजिनाच्या आवाजात आणि कानावरच्या हेडफोनमध्ये पोहोचत नाही. शेवटच्या दोन महिन्यांतल्या गाभण शेळीला घाबरवून चढावर पळवले तर ती गाभडू शकते, हे कोणत्याही शेळीपालकाला सांगावे लागत नाही. म्हणजे चिरडण्याचा एकही प्रसंग न घडता कळपाचे वर्ष वाया जाऊ शकते.

पुढे काय होणार हे दिनदर्शिकेवरूनच दिसत होते. शेळी पाच महिने गाभण असते. या शेळ्या शरद ऋतूत फळतात आणि फेब्रुवारीपासून वितात. २९ ऑगस्ट २०२० ते १० फेब्रुवारी २०२१ हे १६५ दिवस होतात. शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा. रणगाडे माथ्यावर होते तो काळ आणि कळप गाभण होता तो काळ जवळजवळ एकच होता.

पर्याय

रणगाड्यांच्या बाबतीत जमिनीने मोजकेच पर्याय ठेवले होते. पहिला, माथे पायदळाने आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांनी धरायचे, रणगाडे खोऱ्यात राखीव ठेवायचे. यात कुरणे बरीच वाचली असती, परंतु समोरच्या बाजूनेही रणगाडे होते आणि पायदळाला रात्रीच्या वेळी उघड्या माथ्यावर एकटे ठेवणे कोणत्याही सेनापतीने पत्करले नसते. दुसरा, रणगाडे वर न्यायचे, पण थोडे, आणि ठरावीक वाटेनेच. तिसरा, जिथे जागा सापडेल तिथून चढायचे. १९६२ सारखा हलका रणगाडा हा चौथा पर्याय ठरला असता, पण तो त्या वर्षी उपलब्धच नव्हता. पंचवीस टनांच्या ‘झोरावर’चे अनावरण व्हायला जुलै २०२४ उजाडावे लागले.

कळपांच्या बाबतीत पर्याय अधिक होते आणि येथेच माझ्या मते प्रकरणाचा गाभा आहे. सरसकट बंदी हा एक. वेळ आणि वाट ठरवून चराईला परवानगी हा दुसरा: अमुक ओढ्यापर्यंत, अमुक तासांत, सोबत ओळखीचा माणूस. कळप मागच्या खोऱ्यात नेऊन त्यांना विकतचा चारा देणे हा तिसरा. चौथा पर्याय सीमाभागात जुना आहे: पशुपालक जिथवर जातो तिथवर आपली वहिवाट आहे असे मानून त्याला मुद्दाम जाऊ देणे. ऐन तणावात चौथा धोक्याचा होता. पहिला सर्वांत सोपा. दुसरा आणि तिसरा कष्टाचे होते, कारण त्यांना आधी तयारी लागत होती.

प्रत्यक्षात काय घडले

रणगाडे वर गेले आणि तिथेच हिवाळा काढला. उणे तीस अंशांच्या थंडीत इंजिन ठरावीक अंतराने चालू करावे लागते, नाहीतर बॅटरी आणि तेल दोन्ही दगा देतात. साधे डिझेल गोठते, म्हणून उणे तेहतीस अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणावे लागते. नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये शिकलेल्या चालकाचा हात मुरमाड माळावर बसलेला असतो. त्याच हाताने १६ हजार फुटांवर, एका बाजूला दरी ठेवून, दगडांच्या घसरत्या उतारावर पट्टा उतरू न देता रणगाडा चढवणे हे कसब आहे आणि त्याचे कौतुक झाले ते योग्यच झाले.

वर सामान पोहोचवायला चुशुल परिसरातील गावकरी पुढे आले. तांदूळ, इंधन, तंबूंचे बांबू पाठीवर घेऊन पुरुष, स्त्रिया आणि तरुण मुले चढ चढली. ७ सप्टेंबरला मुखपरीजवळ गोळीबार झाला, प्रत्यक्ष ताबारेषेवर १९७५ नंतर पहिल्यांदाच. अशा दिवसांत गावाने सैन्याकडे पाठ फिरवली नाही.

कळपांबाबत मात्र सरसकट बंदीकडे गाडी गेली. सैन्याची जाहीर भूमिका अशी होती की ताबारेषा जमिनीवर आखलेली नाही, पशुपालकांकडून ती समजण्यात चूक होऊ शकते आणि त्यातून अवघड प्रसंग ओढवू शकतो, म्हणून त्यांनी जनावरांची हालचाल मर्यादित ठेवावी. भूमिका अवाजवी नव्हती. पण ‘मर्यादित ठेवा’ म्हणजे नेमके कुठपर्यंत, किती दिवस आणि त्या बदल्यात कळपाने काय खायचे, ही तीन उत्तरे त्या सूचनेत नव्हती. प्रत्येक चौकीवर ती आपापल्या परीने लावली जाणार, हे उघड होते.

२४ जानेवारी २०२१ रोजी चीनच्या बाजूच्या मोल्दो येथे लष्करी अधिकाऱ्यांच्या चर्चेची नववी फेरी झाली. १० फेब्रुवारीला सैन्य मागे घ्यायला सुरुवात झाली आणि दुसऱ्या दिवशी संरक्षणमंत्र्यांनी संसदेत निवेदन केले. सर्वांत आधी रणगाडे निघाले. त्यांच्या रांगांची चलचित्रे तेव्हा सगळीकडे दाखवली गेली. भारतीय तुकड्याही कैलास रांगेवरचे माथे सोडून मागे आल्या.

परिणाम

लष्करीदृष्ट्या, ज्या माथ्यांमुळे वाटाघाटीत वजन आले ते रणगाड्यांशिवाय तितक्या ठामपणे धरता आले नसते, असे मानायला जागा आहे. कळपांच्या बाजूने चित्र वेगळे आहे. स्थानिक प्रतिनिधी आणि पशुपालक यांची तक्रार अशी राहिली की हिवाळी कुरणे बंद झाल्याने गाभण शेळ्या उपाशी राहिल्या, अशक्त करडे जन्मली आणि थंडीत दगावली. रणगाडे गेल्यावरही वाट आपोआप खुली झाली नाही. माथे रिकामे झाले ते दोन्ही बाजूंसाठी, आणि जिथे सैनिक जात नाही तिथे मेंढपाळाला जाऊ देणे अधिकच अवघड होऊन बसले. जानेवारी २०२४ मध्ये न्योमा भागातील पशुपालक चिनी सैनिकांसमोर ठामपणे उभे राहून आपल्या कुरणावर हक्क सांगत असल्याचे चलचित्र समोर आले. त्या वेळी आपले सैन्य त्यांच्या पाठीशी होते, हीही नोंद केली पाहिजे.

निर्णयाच्या जागा

रणगाडे वर नेण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. त्यावर फार लिहिण्याची गरज नाही.

त्या निर्णयाचा पुढचा भाग मात्र मोकळा राहिला: वाटा कोणत्या? चढण्याची एक वाट, वळण्याच्या दोन-तीन जागा, त्याही खडकाळ आणि गवत नसलेल्या, एवढे आधी दगड रचून किंवा चुन्याच्या रेघा मारून ठरवता येते. चालकासाठीही ते सोयीचे, कारण ओळखीच्या वाटेवर पट्टा उतरण्याची शक्यता कमी. घाईच्या पहिल्या दोन रात्री हे शक्य नव्हते हे मान्य, पण तिसऱ्या आठवड्यात नक्कीच शक्य होते. त्या खडीत कुठे गवत आहे आणि कुठे नाही, हे सांगणारी माणसे पाठीवर सामानाचे ओझे घेऊन रोज वर येत होती. त्यांना कोणी हा प्रश्न विचारावा, एवढेच बाकी होते.

दुसरी जागा बंदीची. बारकाईने पाहिले तर कुरणे बंद करण्याचा निर्णय असा कोणी एका दिवशी बसून घेतल्याचे दिसत नाही. तो इतर निर्णयांच्या मागून आला, चौकी-चौकीवर घट्ट होत गेला. म्हणूनच त्याची जबाबदारी, मुदत आणि भरपाई कोणाच्याच पदरात पडली नाही. शांततेच्या काळात सरावासाठी जमीन वापरायची तर १९३८ चा युद्धसराव व गोळीबार सरावाचा कायदा आहे, त्यात अधिसूचना आहे, नुकसानभरपाई आहे. नगर जिल्ह्यात के. के. रेंज या लष्करी सराव मैदानाच्या आसपासच्या गावांना अधिसूचना म्हणजे काय ते पिढ्यांपासून ठाऊक आहे आणि त्यावर भांडायचे कसे हेही. प्रत्यक्ष तैनातीच्या प्रसंगी मात्र सरावासाठी केलेली ही चौकट उपयोगी पडत नाही, आणि चराईच्या हक्काला सातबारा नसतो. सप्टेंबरातच लेखी हुकूम निघाला असता, त्यात सीमा ओढ्यांच्या आणि खडकांच्या नावांनी लिहिली असती, तर निदान भांडायला कागद मिळाला असता.

तिसरी जागा चाऱ्याची, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप येथेच आहे. त्या हिवाळ्यासाठी हजारो सैनिकांचा शिधा, इंधन, कपडे आणि निवारे लडाखमध्ये पोहोचवण्याची प्रचंड खटपट यशस्वी झाली. त्यातल्या काही गाड्यांत वाळलेला लसूणघास आणि पेंड भरणे अशक्य नव्हते. सैन्याकडे रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आहे, म्हणजे खेचरांसह जनावरांचे डॉक्टर याच सैन्याच्या पगारावर आहेत. दर चौकीमागे नव्हे, खोऱ्यासाठी असा एक पशुवैद्य आणि विण्याच्या वेळी करडांसाठी दगडी गोठ्यांवर टाकायला थोडी ताडपत्री, एवढ्याने फरक पडला असता.

राहिला रोजचा व्यवहार. कळप समोर आला तर रणगाडा थांबवावा, इंजिन मंद ठेवावे, जागेवर वळू नये, भोंगा वाजवू नये. कमांडरने झाकण उघडून वर यावे आणि एका जवानाने खाली उतरून पुढे चालावे. शेळ्यांना आपल्या गतीने बाजूला होऊ द्यावे. कळपातला म्होरक्या बोकड हलला की बाकीचे हलतात, म्हणून हाकायचे तर मेंढपाळाने हाकावे, जवानाने नव्हे. लढाईच्या क्षणी हे कोणी पाळणार नाही आणि पाळूही नये. पण त्या १६५ दिवसांपैकी लढाईचे क्षण मोजके होते. उरलेले दिवस वाट पाहण्याचे, इंजिन गरम ठेवण्याचे आणि सामान चढवण्याचे होते.

हे पुन्हा घडणार असेल तर तयारीची तारीख शेळ्यांच्या बाजूने मोजावी. फेब्रुवारीत वितील त्या शेळ्यांना डिसेंबरपासून जास्तीचा चारा लागतो. कुठल्या खोऱ्यात किती तोंडे आहेत याची मोजणी ऑगस्टमध्ये करावी लागते, कारण कळप शरदात पांगतात. आणि काश्मीरहून लडाखला येणारी झोजिला खिंड बर्फाने बंद होण्याआधी, ऑक्टोबर संपायच्या आत, चाऱ्याच्या गाड्या घाट चढून गेलेल्या असाव्या लागतात.